उभ्या जीपचं इंजिन

१२ जानेवारी, सोमवार

आज चढावर जीप मेली. दाभोसा ते जव्हार रस्त्यावरचा नदीकडून वर येणारा चढ, रोज दोन-तीनदा चढतो. आज तिसऱ्या वळणावर पाय पूर्ण दाबला तरी गाडी जागची हलेना. मागे काळाकुट्ट धूर. शेवटी माणसं उतरवली. अकरा जण चढ पायी चढले, त्यात गोजाबाई — वय सत्तरच्या पुढे, डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी. वर पोचल्यावर म्हणते, "पोरा, हिला चारा घालतोस का नाय?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

वीस फेब्रुवारीला दहावीचा पहिला पेपर. पाड्यावरची आठ पोरं बसणार, त्यात माझी हर्षदा. एसटीचा भरवसा नाही म्हणून सगळ्यांच्या आईबापांनी माझी जीप ठरवली. शाळेच्या हेमंत सरांसमोर मी शब्द दिलाय, साडेदहाच्या आत पोरं जव्हारला सेंटरच्या दारात. उशीर झाला तर आत घेत नाहीत. आणि ही बया चढावर मरते!

१३ जानेवारी, मंगळवार

दिवसभर बाळ्याच्या गॅरेजात. बाळ्या मिस्त्री दहा वर्षं ठाण्यात होता, त्यामुळे अर्धा हिंदीतच बोलतो आणि स्वतःला डॉक्टर समजतो. हवा आत ओढायचा पाईप सोडला, बोट घातलं, माझ्या नाकासमोर धरलं. काळं, चिकट, डांबरासारखं.

"ये देख. कार्बन. हवा जायला करंगळीएवढी जागा राहिलीय."

मग शिकवणी. म्हणे इंजिनातून निघालेला थोडा धूर परत आत फिरवतात, त्याला वॉल्व्ह असतो, ईजीआर. तो काजळीने अडकलाय. हवा नाही मिळाली तर डिझेल नीट जळत नाही, नीट जळलं नाही की अजून काजळी. स्क्रूड्रायव्हरने खरवडून पेपरवर ढीग घातला. दोन मुठी! माझ्या जीपमधून. मी तिला दर मंगळवारी धुतो.

१५ जानेवारी, गुरुवार

चढ तिसऱ्या गिअरात एका दमात. गोजाबाईला म्हटलं, "बघ, चारा घातला." तिने नुसती मान हलवली.

घरी मात्र तेच. हर्षदा कपाळ धरून आडवी. शाळेतून आली की डोकं दुखतं, रोजचं झालंय. दोन वर्षं हेच ऐकतोय. गेल्या वर्षी डोळे तपासून चष्मा आणला, तो डबीत पडलाय. मी म्हटलं, "रविवारी बरं दुखत नाही गं? रविवारी अभ्यास नसतो म्हणून?" राही म्हणाली, "पोरीच्या मागं नको लागू." बायको नेहमी लेकीच्या बाजूने.

१९ जानेवारी, सोमवार

गाडी झकास.

२७ जानेवारी, मंगळवार

परत धूर! जेमतेम दोन आठवडे झाले. चढावर दुसरा टाकावा लागला, आणि मागून नीलेशने हॉर्न वाजवत ओव्हरटेक केलं. वर जाऊन थांबला आणि माझी दोन माणसं उचलली. नीलेश माझ्याच लाईनवर जीप चालवतो, वयाने दहा वर्षांनी लहान, तोंडाने वीस वर्षांनी मोठा. मला म्हणतो, "दादा, त्या वॉल्व्हला पत्रा मारून बंद करून टाक. झंझट खतम."

बाळ्याला विचारलं तर तो भडकला. "पत्रा मारायला दुसरा मिस्त्री बघ. उद्या धुराच्या तपासणीत अडकलास की माझं नाव सांगशील."

मग मीच टाकीत कसलीशी बाटली ओतली, कार्बन काढायची. डिझेलला दोष दिला. फिल्टर झटकला. डोकं फिरलंय.

२९ जानेवारी, गुरुवार

बाळ्याने आज पोलिसासारखी उलटतपासणी घेतली.

"गाडी उभी असताना इंजिन किती वेळ चालू ठेवतोस?"

"ठेवतो थोडा वेळ."

"थोडा म्हणजे किती?"

"पाच-दहा मिनिटं." खोटं बोललो. का बोललो कोण जाणे.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "घड्याळ लावून वहीत लिही. उभं इंजिन तापत नाही नीट. थंड इंजिन अर्धवट जाळतं, आणि काजळी आतच बसते. आणि चौथ्यात ढकलत चढतोस ना, डिझेल वाचवायला? ते पण बंद."

३१ जानेवारी, शनिवार

लिहिलं घड्याळ लावून. सकाळी दाभोशात पस्तीस मिनिटं. जव्हार स्टँडवर पन्नास. दुपारी चाळीस. संध्याकाळी एक तास पाच. म्हणजे तीन तास दहा मिनिटं जीप उभी, इंजिन चालू. चालली किती? अडीच तास.

पण करणार काय? ज्याला हा धंदा माहीत नाही त्याने बोलू नये. बंद जीपमध्ये कुणी बसत नाही. माणूस स्टँडवर येतो, कुठली घुरघुरतेय बघतो आणि तिच्यात चढतो. त्याला वाटतं निघालीच. आपणही ओरडायचं, "निघाली, निघाली, एकच सीट!" आत चार माणसं असली तरी एकच सीट. बरं, रिकाम्या जीपमध्येही पहिला कुणी चढत नाही. त्यासाठी हर्षदा आहे. शाळेचा जादा तास संपला की साडेचारला स्टँडवर येऊन मागच्या दाराजवळ बसते, मग जीप भरत आलेली दिसते. पुढची सीट गिऱ्हाईकाची. घरचं माणूस पुढे बसवून धंदा होत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

केलं बंद. स्टँडवर चावी काढून खिशात घातली आणि बोंबलत बसलो. एक मास्तर आले, आत पाय ठेवला, कान दिला. "चालू नाय का ही?" म्हटलं, भरली की लगेच निघणार. "मग आम्ही तिकडं बसतो." तिकडं म्हणजे नीलेशकडे. त्याची जीप थडथडत होती, आणि तोही माझ्यानंतर तब्बल अर्ध्या तासाने निघणार होता! डोळ्यांदेखत नऊ माणसं गेली.

माझ्यात बसलेली एकटी गोजाबाई. मला भरून आलं. म्हटलं, आजी, तू तरी आपली. ती म्हणाली, "काय?" परत सांगितलं. "काय?" तेव्हा कळलं, म्हातारीला ऐकूच येत नाही. इंजिन चालू का बंद, तिला दोन्ही सारखंच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चालू ठेवली. पोट आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चढावर परत उतरवली माणसं. त्यात हेमंत सर होते. बूट धुळीने भरले. वर आल्यावर शांतपणे म्हणाले, "देवानंद, पोरांचं वर्ष आहे. तुला जमत नसेल तर नीलेशला सांगू का? वाईट वाटून घेऊ नको."

वाईट वाटून घेऊ नको! माझी पोरगी दहावीच्या पेपरला नीलेशच्या जीपमधून जाणार, आणि मी घरी बसून काय करू? सरांना म्हटलं, पंधरा तारखेच्या आत चढून दाखवतो. शब्द देऊन बसलो. जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाळ्याने दुसऱ्यांदा सगळं खोललं. वॉल्व्ह परत काळा. या वेळी मीच ब्रश घेऊन घासलं, स्प्रे मारून, पुसून, परत घासून. नखांतलं अजून निघालं नाही. बाळ्याला खरं सांगितलं, तीन तास दहा मिनिटं. तो शिव्या देईल वाटलं. म्हणाला, "मालूम था."

आजपासून उभी जीप बंद. नीलेशला सगळी माणसं मिळोत.

११ फेब्रुवारी, बुधवार

स्टँडवर भांडणं. "बंद पडलीय काय?" "ढकलायची काय?" एकाने तर फुकटचा सल्ला दिला, भंगारात घाल. संध्याकाळी आत फक्त हर्षदा आणि गोजाबाई. हर्षदा पुस्तक उघडून वाचत होती. मी म्हटलं, जीपमध्ये कसला अभ्यास होतो? "होतो की आता," म्हणाली. पाच माणसांवर निघालो. राहीला सांगितलं तर तिने भाकरी वाढली आणि म्हणाली, "पोरांचे पेपर होऊ दे. मग बघू."

१४ फेब्रुवारी, शनिवार

चाचणी. पाड्यावरची बारा माणसं फुकट भरली, वर तांदळाच्या दोन गोणी. राही पुढे बसली, लग्नानंतर पहिल्यांदाच. बाळ्या म्हणाला होता तसं तिसऱ्यात ठेवून इंजिन फिरू दिलं. पहिल्या वळणावर थोडी काळी फुंकर निघाली. मग धूर नाही. तिसरं वळण आलं. गेली! वर जाऊन हेमंत सरांना फोन लावला. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. मला तेवढं पुरलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ पन्नासला सेंटरच्या दारात. आठही पोरं. मी बाहेर झाडाखाली बसून राहिलो, पेपर सुटेपर्यंत. जीप बंद.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पेपर चालू आहेत म्हणून काल हर्षदाला डोकेदुखीच्या गोळ्या आणल्या. तिने पट्टी परत माझ्या हातात दिली. "नको बा. आता नाय दुखत."

"कधीपासून?"

"तू जीप बंद ठेवतोस तवापासून. मागच्या दारातून सगळा धूर आत यायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगितलं होतं एकदा. तू म्हणालास, गिऱ्हाईक तुटेल."

मला आठवत नाही. म्हणालो असेन.

आज सकाळी अंगणात जीप चालू केली आणि मागे तिच्या जागेवर जाऊन बसलो. दहा मिनिटंसुद्धा बसवलं नाही.