चांदबिबीच्या महालावर भाऊबीज

शेवगाव,
४ ऑक्टोबर २०२५

चि. सहादेव यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ज्ञानेश्वरीच्या लग्नात तुझा टेम्पो वाटेत बंद पडला आणि मुहूर्त टळेल म्हणून ह्यांनी मामाच्या जागी आपल्या चुलतभावाला उभं केलं. तेव्हापासून तू आमची पायरी चढणार नाही म्हणालास. तीन भाऊबिजा मी चंद्राला ओवाळलं. चंद्र काय बोलतोय, डोंबल!

शपथ मोडू नकोस. या भाऊबिजेला आपण नगरला चांदबिबीच्या महालावर भेटू. तो ना तुझा उंबरा, ना माझा. लहानपणी एस्टीतून महाल दिसला की तू वर जायचं म्हणून भोकाड पसरायचास. तिथं अगदी वरच्या मजल्यावर ओवाळीन. दिवाळीनंतर माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, पुढं चढणं होईल का देव जाणे. तुझी लई आठवण येते रे.

लोभ असू दे, राग थोडा कमी कर.
तुझी आक्का, राहीबाई

पुणतांबा,
११ ऑक्टोबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

कांद्याची रोपं पावसानं गेली, बाकी सगळे बरे. तुझं पत्र बायकोनं मला दोनदा वाचायला लावलं. येतो. पण दाजींनी गाडीतून उतरायचं न्हाई, सांगून ठेव. भाचीच्या मागं उभं राहायचं म्हणून नवा फेटा बांधून निघालो होतो मी. पोचलो तर अक्षता पडून गेलेल्या. ते अजून डोळ्यापुढून जात न्हाई.

आणि तिथला जिना उंच हाय. तुझ्या गुडघ्यांना झेपायचा न्हाई. खालीच ओवाळ, हट्ट करू नको.

तुझा लाडका का दोडका, तूच ठरव,
सहादेव

शेवगाव,
१७ ऑक्टोबर

रा. रा. सहादेवराव यांस कानिफनाथचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र राहीनं वाचून दाखवलं, माझ्या गाडीत बसण्यासकट. खाली ओवाळायला ती तयार नाही. रोज मारुतीच्या पारावर चढउतार करते आणि घरी येऊन कण्हते. डॉक्टर म्हणाले, आधार देऊन हळूहळू चढवा. जिना अरुंद आहे. पुढून हात द्यायला तुम्ही लागाल, मागून धरायला मी. तेव्हा मी उतरणार. वर गेल्यावर पाहिजे तर तोंड फिरवून उभा राहीन.

दुसरं असं, की धाकट्या दिशाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आहे. आमच्या घरी यायचं नसेल तर सरळ मंडपात या. गुरुजींना बजावून ठेवलंय, मामा येऊन मुलीच्या मागं उभा राहिल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही. मुहूर्त टळला तर टळू दे.

कळावे. लोभ नसला तरी यावे.
कानिफनाथ