संत्र्याचं झाड आणि पांढरे खडे

एर्मोसियो,
रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप कूकावन्सं यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे एदुविहेसचा, वाकून नमस्कार.

मारियामातेच्या कृपेने इकडे सगळे जिवंत आहेत. सुखरूप आहोत असं लिहिलं तर खोटं लिहिल्याचं पाप लागेल, आणि पापाची कबुली द्यायला चर्चपर्यंत उन्हातून चालत जावं लागेल, म्हणून तेवढं लिहीत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं मलम चोळता ना, की चांगल्या बाटलीतलं आहे म्हणून पाहुण्यांसाठी ठेवलंय? तुमच्या डोंगरात निदान वारा तरी असेल. इथे कूलर बाहेरची गरम हवा आत घेतो, तिला भिजवतो आणि आमच्या अंगावर टाकतो. त्याला बिचाऱ्याला दुसरं काही येत नाही.

विनंती विशेष ही की, तुमचे भाऊ लिब्रादो या जगात फक्त तुमचं ऐकतात, आणि उद्या सोमवारी आपल्याकडे करवतवाला येणार आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी जे संत्र्याचं झाड आहे ते तोडायला. हे पत्र मी आजच्या संध्याकाळच्या बसने ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तुम्ही वाचा आणि त्याच्याच हाती सकाळी उलट चिठ्ठी पाठवा. चार ओळी पुरेत, पण लहानपणी त्यांना ज्या आवाजात घरात बोलवायचात त्या आवाजातल्या असू द्या.

आता हे कसं झालं ते सांगते. लिब्रादो रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून घरात बसून माझ्याकडे बघत असतात. कांदा चिरला तर म्हणतात, जाड चिरलास. अशात त्यांची दाढ दुखायला लागली. मी देवाचे आभार मानले (दाढेसाठी नव्हे, ते बाहेर पडतील म्हणून). दातांच्या डॉक्टरकडे बसायच्या खोलीत कुठलंसं मासिक होतं, त्यात वाळवंटातल्या बागेचं चित्र. सगळीकडे पांढरे खडे, मधे एकच निवडुंग, शेजारी लोखंडी बाक आणि बाकावर एक हॅटवाली बाई गार काहीतरी पीत बसलेली. त्या बाईच्या अंगावर सावली कशाची पडली होती, हे मात्र यांनी पाहिलं नाही. दाढ काढायला गेले आणि बाग घेऊन आले.

मग जुन्या कॅलेंडरच्या मागे पट्टीने नकाशा काढला. जन्म रुळांवर गेला, त्यामुळे सगळं सरळ रेषेत. बोगनवेल वाकडी वाढते हा तिचा गुन्हा ठरला आणि ती गेली. दारापुढचा हिरवळीचा तुकडा (तो तसा वाळलेलाच होता, पण मी त्याला हिरवळ म्हणत असे) तोही गेला. उरलं संत्र्याचं झाड.

"हे झाड फार पाणी पितं," म्हणाले.

"तुम्हीही पिता," मी म्हटलं.

"एदुविहेस, वाळवंटात राहायचं तर वाळवंटासारखं राहावं."

"मग कूलर बंद करते."

कूलर चालूच राहिला, आणि नकाशात झाडावर काट मारली ती मारलीच. वन्सं, त्या झाडाला मी नळाचं पाणी कधी घातलेलं नाही. पाणी पाळीने येतं, ते काय झाडांना घालणार? भांडी विसळलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, कपड्यांचं अगदी शेवटचं, साबण उतरलेलं पाणी, एवढ्यावर ते वाढलं. घागरभर पाणी वाया गेलं तर मला झोप लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या आळ्यात ओतलं की वाया गेलं असं वाटत नाही. दुपारी मी त्याच्याखाली बसून घेवड्याच्या बिया निवडते, जपमाळ ओढते, आणि कुणी ऐकत नसलं की तुमच्या भावांबद्दल जे बोलायचं ते तिथेच बोलते. इतकी वर्षं ऐकतंय, पण एक शब्द बाहेर गेलेला नाही.

असो. खडे आले. ट्रकभर आले, आणि दिसायला छान दिसले हे मी कबूल करते. पण दुपारी उजेड त्यांच्यावर आपटून खिडकीतून थेट छतावर! वरून ऊन, खालून खडे. तव्यावरच्या तोर्तियाला निदान कुणीतरी उलटतं, आम्हाला ते सुखही नाही. मारियामातेपुढची मेणबत्ती न पेटवताच कमरेत वाकली. मी म्हटलं, बघा, तीसुद्धा नमस्कार करून निघाली. तर म्हणतात, "मेण हलक्या प्रतीचं आहे." (मेण मीच आणलं होतं, म्हणून हा टोमणा मला.)

त्यानंतर निवडुंग. रानातल्या एका ओळखीच्याच्या शेतातून माझ्या उंचीचा आणला. आता तुमच्याकडे पोरसवदा माणसालाही माहीत असतं की निवडुंगाची जी बाजू जन्मापासून दक्षिणेला असते ती दक्षिणेलाच ठेवायची, नाहीतर कोवळी बाजू उन्हाने पोळते. यांनी खुणेला लाल फीत बांधली होती. पण तो अंगणात आडवा पडलेला असताना शेजारची चायो संत इसिद्रोच्या पालखीसाठी फिती गोळा करत आली. तिने विचारलंही नाही. देवाच्या कामाला काय विचारायचं, म्हणून सोडून घेऊन गेली. हे बाहेर आले, फीत नाही. मी म्हटलं, थांबा, ज्याच्या शेतातून आणला त्याला विचारून येऊ. तर म्हणाले, "रेल्वेतल्या माणसाला दिशा शिकवू नकोस." आणि बरोबर उलटा लावला.

आठवडा गेला आणि निवडुंग पिवळा पडायला लागला. मग तुमच्या भावांनी काय करावं? माझा निळा गाऊन त्याला चढवला आणि वर माझी गवताची हॅट. सावली हवी ना! दोन दिवस मी गाऊन शोधते आहे. तिसऱ्या दिवशी चायो फणफणत दारात.

"एवढा कसला गं ताठा? कुंपणावरून तीनदा हाक मारली, मान वळवली नाहीस!"

"अगं, मी घरात होते."

"मग ती कोण?"

मी तिला नेऊन दाखवलं. ती पोट धरून हसली. मग खड्यांवर नीट उभी राहिली आणि चपलेतून चटका बसल्यावर हसायची थांबली. म्हणाली, "एदुविहेस, अख्ख्या वस्तीत असं ओसाड अंगण नाही. यंदा संत इसिद्रोला इथेच आणू."

तुम्हाला सांगायला नकोच, पाऊस लांबला की संताला चर्चबाहेर काढून उन्हात बसवायची आपली रीत, म्हणजे आपल्या लेकरांचे काय हाल आहेत ते त्याने स्वतः अनुभवावं. त्यासाठी सगळ्यात भाजलेली जागा निवडतात. चायोने अंगण कशासाठी निवडलं हे तिने तुमच्या भावांना सांगितलं नाही, आणि मीही नाही. ते समजले, बागेचा मान. दाढी केली, वन्सं! लग्नातला पट्टा काढला.

सणाच्या दिवशी वाजतगाजत संत आले आणि खड्यांच्या मधोमध बसले. प्रार्थना झाली. फादर लोखंडी बाकावर टेकले आणि आशीर्वाद अर्धा सोडूनच उठले. त्यानंतर मी कॉफी, चीज आणि तोर्तिया घेऊन बाहेर येते तर अंगण रिकामं. माणसं गेली कुठे? सगळी संत्र्याच्या झाडाखाली! फादर, चायो, पालखीवाले, वाजवणारे, सगळे एकमेकांना चिकटून, कुणी माझ्या उपड्या बादलीवर, कुणी आळ्याच्या कडेवर. खड्यांवर फक्त दोघं उरले, संत इसिद्रो आणि तुमचे भाऊ. हे काठीने हवेत रेषा काढून सांगताहेत, इथून वाट, इथे दुसरा निवडुंग. ऐकायला कुणी नाही.

शेवटी यांचे स्टेशनातले जुने सोबती डॉन मेलितोन ओरडले, "अरे लिब्रादो, संताला शिक्षा आहे, तुला कुणी दिली? ये इकडे!"

आले. चायोने सरकून जागा केली. मी पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी एका दमात संपवला. मग हॅट काढली आणि मान वर करून झाडाकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. पण म्हणाले एवढंच की, "कॉफीत साखर कमी आहे."

म्हणून म्हणते, मला त्यांचा भरवसा नाही. करवतवाल्याला नको म्हणून सांगितलेलं नाही. विचारलं तर विषय बदलतात. चिठ्ठी नक्की पाठवा. तुमच्यासाठी रोज एक माळ ओढते आहे, गुडघ्यांसाठी वेगळी.

तुमची आज्ञाधारक,
एदुविहेस

ता. क. बस चुकली. ड्रायव्हर काल ऊन उतरायच्या आधीच निघून गेला. त्यामुळे आज सोमवार, आणि करवतवाला येऊन गेला. मी दारामागे उभी राहून मारियामातेला वाटेल ते कबूल करत होते. हे त्याला झाडाशी घेऊन गेले. म्हणाले, "ही खालची वाळकी फांदी तेवढी काढ. बाईंच्या डोक्याला लागते." तो म्हणाला, "आणि झाड?" तर हे त्याच्यावरच उखडले, "झाड कोण तोडतो? सगळा नकाशा त्याच्याभोवतीच आहे!" आता कॅलेंडर घेऊन झाडाखाली बसलेत आणि सगळ्या रेषा त्याच्याकडे वळवताहेत. ती काट खोडून तिथे एक खुर्ची काढली आहे. नीट पाहिलं तर दोन आहेत.

ता. क. दुसरं. तेव्हा वरच्या पानांत मागितलेली चिठ्ठी कृपा करून पाठवू नका. झाड राखायचं हे त्यांना स्वतःलाच सुचलं आहे, त्यात आपण दोघी नको. पानं फाडून नवं पत्र लिहिणार होते, पण दोन्ही बाजूंनी लिहिलेला चांगला कागद फेकवत नाही.

ता. क. शेवटचं. पत्र लिहायचं खरं कारण आता एवढंच उरलं आहे. त्यांना एकदा लिहा की खडे सुंदर आहेत असं एदुविहेसकडून कळलं. अजून कुणीच तसं म्हटलेलं नाही, आणि हे रोज संध्याकाळी ते खडे झाडूने झाडतात. फक्त फार कौतुक करू नका. कूकाताईचं अंगण किती वाकडंतिकडं आहे असं परवाच म्हणत होते, आणि तुमच्या डाळिंबाच्या झाडाची जागा त्यांना पाठ आहे.