बुटकं पीक

४ डिसें.
आजबी पाणी मीच पाजलं. हे बांधावर, मोटरच्या खोलीला पाठ लावून. फौजेतनं येऊन तिसरं वर्ष, पण डोक्याएवढ्या उसात पाऊल टाकत न्हाईत. "आत कोण हाय दिसत न्हाई," एवढंच. काश्मिरात मक्याच्या रानात काय झालं ते सांगत न्हाईत. मी विचारायचं सोडलं.

९ डिसें.
ऊसतोडीची टोळी कवा येणार? कारखान्याच्या चिटबॉयला परत फोन. "वैनी, एवढी काय घाई? वजन वाढू द्या की." मेल्या, तुला काय सांगू!
शेजारच्या जयाताईंनाबी तोड लवकर पायजे. त्यांचे मालक आबा, तेबी फौजी, आसामात होते. गल्लीत घरटी फौजी, आणि उसात शिरणाऱ्या सगळ्या बायका. पारावर बापयांच्या गप्पा कँटीनच्या, पेन्शनीच्या. उसाचं कुणी काढत न्हाई. आमीबी न्हाई.

२३ डिसें.
तोड झाली!! ओढ्यापतोर रान मोकळं. ह्यांनी स्वतः उसाचं वाळलं पाचट ओढलं. वर शीळ घातली. शीळ! लग्नाच्या सुट्टीत ऐकलेली तीच. सांजेला रानातच भाकरी खाल्ली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपले, अगदी बिनघोर. पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले न्हाई. हाच माणूस मला पायजे. बाराही महिने.

२ जाने.
मी धीर करून बोलले. "आवं, यंदा खोडवा नको ठेवायला, बुडख्यातनं परत ऊसच फुटणार. भुईमूग टाकू. बुटकं काहीतरी."
हे एकदम ताठ. "लोक काय म्हणतील? फौजी उसाला भ्यालं?"
"लोक म्हंजे कोण? आबा? ते तरी कवा शिरल्यात उसात?"
ताटावरनं उठले. मला रडू आलं, रागानं जास्त.

५ जाने.
बोलणं बंद. ह्यांनी गडी लावून खोडव्याचे बुडखे छाटून घेतले. म्हंजे ऊसच.

११ फेब्रु.
आबा आले. बराच वेळ पलूसच्या बाजाराचं बोलले. मग उठता उठता, "गड्या, तू भुईमूग टाकणार म्हणं? टाकलास तर मीबी टाकीन."
हे उठून आबांना वाटंपतोर सोडून आले. मी जयाताईंपाशी बोलले होते, ही त्यांचीच करामत. लय हुशार बाई.

२६ फेब्रु.
खोडवा गुडघ्याला लागला. अजून पलीकडं ओढा दिसतोय. हे रोज सकाळी तिथं जाऊन उभे राहतात, हातानं उंची बघतात. तोडीआधी बसायचे तसे रात्री परत उठून बसायला लागलेत.
आज ट्रॅक्टरवाल्याला फोन करत होते. मी चुलीपाशी, भाकरी करपली तरी कान तिकडंच.
"खोडवा मोडायचा म्हणलं तर येशील का रं?" तिकडनं हो आलं असावं, ह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "कवा ते सांगतो."