दारावर लावलेलं समन्स

अण्णा, तुमची पणती लातूरला वकिलीचं शिकते. परवा पुस्तक घेऊन पुढं बसली. ‘आजोबा, तुम्ही बेलीफ होता ना? मग समन्स सर्व्ह करणं म्हणजे नेमकं काय?’ मी म्हणालो, कागद नेऊन द्यायचा, सही घ्यायची, झालं. पोरगी हसली. म्हणे, जुन्या इंग्लंडात आधी दोन भरवशाची माणसं जायची आणि ज्याच्यावर दावा आहे त्याला तोंडानं सांगायची. त्याला कळलं पाहिजे, हे महत्त्वाचं. कागद मागनं आला. इंग्रजीचं अक्षर येत नसताना तुम्ही हेच मला नांदेडला चुलीपुढं सांगितलं होतं.

तुम्ही निजामाच्या अदालतीत समन्स पोचवायच्या कामावर लागलात तेव्हा त्याला तामील म्हणत. पुढं मराठी आली, बजावणी झाली. वकील सर्व्ह म्हणू लागले. तुम्ही भाकरी मोडत म्हणायचे, ‘नाव काईबी ठिवा. माणसाला कळालं तर तामील, न्हाई तर रद्दी.’ कुलूप दिसलं तरी तुम्ही कडी वाजवायचे, तीनदा नाव पुकारायचे, शेजाऱ्याला वाचून दाखवायचे, आणि मग खळ लावून कागद दारावर चस्पा करायचे.

लातूर नवा जिल्हा झाला आणि मी हौसेनं बदली मागून घेतली. त्या वर्षी पाऊस नाही. औशाकडच्या एका विधवेचं समन्स माझ्याकडं आलेलं. जमिनीत तिचा हिस्साच नाही, असा दिराचा दावा. तारखेला ती आली नाही तर एकतर्फी निकाल, जमीन गेली. हे मला पक्कं ठाऊक होतं. फाट्यावर एसटीतून उतरतो तर ऊन मी म्हणतंय, गाव लांब, आणि दिराची दोन माणसं हॉटेलात बसलेली. ‘कशाला पाय तोडता साहेब? ती कामावर गेलीया. दाराला कुलूप हाय.’ मी तिथंच बाकड्यावर बसून लिहिलं: घरास कुलूप, समन्स दारावर चस्पा केले. पंच म्हणून त्याच दोघांच्या सह्या. चहाही त्यांचाच प्यालो.

बाई घरातच होती, अण्णा. तापानं पडलेली. निकाल लागल्यावर तिला तलाठ्याकडून कळलं आणि तो रद्द करा म्हणून ती अर्ज घेऊन आली. साक्षीला मला उभं केलं. तुम्ही नेमके त्याच आठवड्यात डोळे दाखवायला लातूरला आलेले. पोराची साक्ष ऐकायची म्हणून धुतलेलं धोतर नेसून मागच्या बाकावर बसलात. तुमच्याकडं बघून मला खरं बोलवेना. शपथेवर सांगितलं, मी स्वतः गेलो, स्वतः डकवलं. बाई ओरडली, ‘साहेब, मी आतच व्हते! कडी कुनी वाजिवली न्हाई!’ शिपायानं तिला गप्प केलं. तेवढ्यात जेवणाची सुटी झाली.

बाहेर लिंबाखाली तुम्ही विचारलं, ‘खळ कुठं कालवलीस?’

‘त्याच गावात.’

‘कुनाच्या पाण्यानं? टँकरवर बाया हंड्यासाठी भांडून राहिल्यात तिकडं. तुला खळीला पानी कुनी दिलं रे?’

तुम्ही आवाज खाली आणलात. ‘हुकूम अजून झाला न्हाई. आत जा, सायबाला सांग.’

‘नोकरी जाईल अण्णा. लेकरं लहान आहेत.’

‘तिचीबी हायेत.’

एवढं बोलून तुम्ही पिशवी उचललीत आणि डोळे न दाखवताच नांदेडची गाडी धरलीत. मी आत जाऊन गप्प बसलो. तिचा अर्ज फेटाळला गेला.

त्यानंतर तुम्ही दोन वर्षं जगलात, पण माझ्या घरी पाणीसुद्धा प्यायला नाहीत. मला तुमचा राग यायचा, खरंच यायचा. एवढा कसला तोरा, म्हणायचो बायकोला. आता तुमच्या वयाचा झालो. राग कधीच गेला, लाज तेवढी राहिली.

ती बाई आहे अजून. लातूरला लेकाकडं असते, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. दवाखान्याच्या रांगेत दिसते, मला ओळखत नाही. अण्णा, हे पत्र तिच्याच नावानं सुरू केलं होतं. चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. तुम्हाला लिहायला काय, तुम्ही हे घेऊन कोर्टात जाणार नाही. मी अजून भितो.