माझ्या वाट्याचं मौन

ताईस साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तूर्त कागदावरच). तुझी कंबर कशी आहे? माझी तब्येत ठीक, जीव मात्र जळतोय, आणि त्याला कारण तुझी लाडकी मैत्रीण शिलाईवाली.

नगरपालिकेची निवडणूक तिसऱ्यांदा पुढे ढकलली, हे तुला कळवलं होतंच. म्हणून आम्ही दर शुक्रवारी कचेरीच्या पायऱ्यांवर शांतपणे बसतो आणि सगळ्या धर्मांच्या प्रार्थना म्हणतो. (कुणाचा तरी देव साहेबांच्या ओळखीचा निघेल, असं आमचे निवृत्त पोस्टमन म्हणतात.) त्यांनीच कामं वाटली. शिलाईवालीला पहिली प्रार्थना, माईकसकट! जिने जन्मात मापाच्या वहीपलीकडे काही वाचलं नाही, तिला. आणि मी, जी औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचते, मला काय, तर शेवटचं दोन मिनिटांचं मौन. "वहिनी, तुम्हाला सवय आहे," म्हणाले. आहे सवय, हे गेल्यापासून. पण चारचौघांत सांगायचं?

बाई नवंकोरं शिवून आल्या होत्या, कॉलरला टाचणी तशीच. दोन ओळी झाल्या आणि हवालदाराने माईकची वायर काढली, परवानगी नाही म्हणून. तिचे नुसते ओठ हलत राहिले. ताई, मला आनंद झाला. (हे पाप असणार, कुठल्या धर्मात ते बघायला हवं.) मग मौलवी, पाद्री, पुजारी सगळ्यांचे घसे बसले, तरी मागच्या रांगेला अक्षर कळलं नाही. माझं मौन मात्र शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट पोचलं. हवालदाराने टोपी काढली.

तुझी धाकटी

ता. क. दोन मिनिटांची अकरा झाली. मतदार यादीत यांचं नाव अजून आहे, माझ्या लगेच वर. निवडणूक लागली की यादी दुरुस्त होणार आणि ते कापलं जाणार. हे मागायलाच मी इथे बसलेय, हे मौनातच ध्यानात आलं, मग 'उठा' म्हणवेना. तरी येत्या शुक्रवारी जाणारच. इस्त्रीचा सदरा घालून मत द्यायला जाणारा माणूस, मी घरी बसले तर रागावेल.

ता. क. दुसरा. खरं काम हे. शिलाईवालीला आता प्रार्थना नको, मौन हवंय! तुझं ती ऐकते. तिला लिही, तुझा गळा गोड आहे. (आहेच, पण मी म्हटलं असं लिहू नकोस.) तिच्या घरी नवरा आहे, तोही घोरणारा. तिला कशाला हवं मौन?