हिरवं तेल

थुआनदादा,

सकाळी पेज पिताना आईचं तोंड वाकडं झालं. थोआमावशी म्हणाली, "वारं लागलंय." तिने तेल चोळून नाण्याने आईची पाठ खरवडली. लाल वळ उठले तशी खूश झाली. "बघ, निघतंय वारं. म्हातारपणी व्हायचंच. दवाखाना कशाला? थुआनच्या जिवाला उगाच घोर."

दुपारी आई गेली.

फोनवर तुला अजून वारंच सांगितलंय. विमानात एकटा रडशील म्हणून.

आलास की तिची पाठ बघशील. जिवंत माणसाचे वळ चार दिवसांत जातात. तिचे तसेच आहेत. तेल कुठलं विचारलंस, तर बाजारातलं म्हणेन.

तू सिडनीहून कौतुकाने पाठवलेली त्या हिरव्या तेलाची बाटली मी कालव्यात फेकली. हे पत्रही तिथंच जाईल.

तुझी,
लुआ