भैरू बोलत नाही

चिंचवड,
२७ जून

प्रिय नेहा,

तुम्हा बारा स्वयंसेवकांच्या सह्यांचं पत्र सोमवारी मिळालं. त्यानंतर मी तुला चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. आपल्या वन्यप्राणी केंद्रात रानमांजराची तीन पिल्लं आहेत आणि तुम्ही येणं बंद केल्यापासून त्यांच्याकडे बघायला पुरेसं माणूसबळ नाही. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. रागवायचं असेल तर त्यानंतर रागव.

तुमचं म्हणणं असं की पिल्लांची देखभाल करणाऱ्या भैरू कड याला केंद्रातून काढलं आणि स्वयंसेवकांना मात्र त्याला कंपनीत नोकरी लागल्याचं सांगितलं. हे खरं आहे. आधी काढलं, मग नोकरी लागली. मी क्रम उलटा सांगितला. पिंपरीतल्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात सत्तावीस वर्षं काढल्यावर असा उलटा क्रम सांगताना जीभ अडखळत नाही.

मार्चअखेर देणगीदार कंपनीचा निधी थांबला. पगारी माणसं पाच होती, तीनच ठेवता येणार होती. ड्रायव्हर रोहिदास आपणहून गेला, त्याला शाळेच्या बसवर काम मिळालं. डॉक्टरांच्या मदतनिसाशिवाय चालणार नव्हतं. व्यवस्थापक म्हणून माझी जागा समितीने आधीच धरून ठेवली होती आणि मी त्यावर काही बोलले नाही. उरले दोघं, कुसुमताई आणि भैरू. त्यांतला एक जाणार होता.

भैरूला तुम्ही फार कमी ओळखलंत, त्यात तुमचा दोष नाही. तो चौदा वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला सशाची आणि सायाळीची पिल्लं दिसली की च् च् करायची सवय होती. मीच त्याला दरडावलं होतं, की पिल्लांजवळ माणसाचा आवाज काढायचा नाही. आवाज ओळखीचा झाला की भीती जाते आणि भीती गेलेलं जनावर रानात जगत नाही; वस्तीकडे येतं आणि काठी खातं. त्याने ते जे मनावर घेतलं ते घेतलंच. पुढे पोत्याची खोळ डोक्यावरून घेऊन आत जायचं, खाणं ठेवायचं आणि पाठ न वळवता मागे सरकत बाहेर यायचं, हे त्याने स्वतःच शोधून काढलं. मागच्या आवाराच्या फाटकातून आत शिरला की तो कुणाशीच बोलत नसे. तुमचं 'गुड मॉर्निंग काका' असो, की माझी हाक असो. तुमच्यातल्या प्रज्वलने त्याचं नाव 'सायलेंट मोड' ठेवलं होतं. मीही हसले होते.

तो नियम फाटकाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीची चाळीस माणसं एक दिवस श्रमदानाला आली आणि त्या भिंतीवर बिबट्या रंगवून गेली. बिबट्या चांगला आहे. परवानगीच्या कागदावर माझी सही आहे. त्याखालचा नियम पुन्हा लिहायचा राहिला आणि तुम्ही सगळे त्यानंतर आलात.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी भैरूला ऑफिसात बोलावून पत्र दिलं. 'आपणांस सेवेतून मुक्त करण्यात येत आहे.' त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "ताई, मुक्त म्हंजी आपन सापाला करतो तसं?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "सापाला तरी आपन जागा बघून सोडतो." मग खोळ घडी करून खुंटीवर ठेवली आणि संध्याकाळचं खाणं घालूनच घरी गेला.

एप्रिलपासून पिल्लं तुमच्याकडे आली. ऊसतोडीत सापडलेली, आई परत न फिरकलेली ती तीन. तुम्ही पाळ्या लावल्यात आणि एकही पाळी चुकली नाही, हे मी लिहून ठेवलं आहे. पुनावळ्याहून सकाळी सहाला निघून, आठला खाणं घालून तू ऑफिस गाठत होतीस. पण तुम्ही त्यांच्याशी बोललात. नावं ठेवलीत. प्रज्वल गाणी म्हणायचा. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तपासलं, तर बिस्किट म्हणून जे आहे ते हाक मारताच जाळीपाशी येऊन अंग घासू लागलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. डॉक्टर कागदावर 'सोडण्यायोग्य नाही' असं लिहून गेले. ते आता आयुष्यभर पिंजऱ्यात राहील. उरलेली दोन अजून लपतात. पावसाळा संपेपर्यंत त्यांचं भय टिकलं तर ती सोडता येतील, नाही तर तीही गेली.

बुधवारी मी चाकणला भैरूच्या घरी गेले. तो सुट्या भागांच्या कंपनीत हाउसकीपिंगला आहे, दुसऱ्या शिफ्टला. बायकोने चहा केला. मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, "बरं हाय. सुपरवायझर म्हनला, भावा, तोंड उघड की, मुका हायेस का? मी म्हनलं, सायेब, जनावरापाशी गप ऱ्हायाची सवय हाय. त्यो भडाकलाच. म्हनला, जनावर कुनाला म्हंतोस रं?" त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मग त्याने एकच विचारलं, "पिल्लं हाकंला येत्यात का?" मी सांगितलं, एक येतं. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "ऱ्हायलेल्या दोघांपाशी उद्यापासनं कुनी बोलू नगा. मी येतो." किती पगारावर, किती दिवस, त्याने काही विचारलं नाही. तो विचार मी करायचा होता. चौदा वर्षं पगारावर राबलेल्या माणसाला स्वयंसेवक करून घ्यायचं मला जमणार नाही.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. जानेवारीत, निधी थांबणार हे कळल्यावर, मी तुला एक पत्रक भरायला दिलं होतं, 'स्वयंसेवकांचा अभिप्राय'. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. तू स्वयंसेवकांची प्रमुख, तू मनापासून भरलंस. भैरूच्या नावापुढे 'वर्तणूक' या रकान्यात दहापैकी दोन गुण आणि शेरा, 'साध्या नमस्कारालाही उत्तर देत नाहीत. उद्धट वाटतात.' बाकी सगळ्या रकान्यांत कुसुमताई आणि तो बरोबरीचे होते. त्या एका रकान्यावर भैरू गेला. तो नमुना माझ्या कारखान्यातला होता, तिथे माणसाने माणसाशी कसं वागावं हेच मोजायचं असे. तू बघितलंस ते लिहिलंस. तो गप्प का असतो हे मला माहीत होतं आणि तरी मी बेरीज करून मोकळी झाले.

काल समितीची बैठक झाली. तुमचं पत्र वाचल्यावर एका सदस्याने सुचवलं, की रविवारच्या सभेत तुझा तो कागद सर्वांसमोर वाचून दाखवावा, म्हणजे सह्या करणाऱ्यांची तोंडं बंद होतील. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी बैठक संपायच्या आत राजीनामा दिला आणि माझ्या पगाराच्या जागेवर भैरूला पिल्लांसाठी परत घ्यायचं लिहून घेतलं. घरी येताना फायलीतून तो कागद काढून आणला. एवढ्या वर्षांत फायलीतून कागद काढण्याची ही पहिली वेळ. तरी समितीतल्या सात जणांना तो माहीत आहे आणि आज ना उद्या कुणीतरी तुला बोलेल. ते माझ्याकडून आधी कळावं म्हणून हे पत्र. भैरूला या कागदाबद्दल काहीच ठाऊक नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव, मी सांगणार नाही. एक तारखेला सकाळी सातला तो फाटकापाशी असेल. यायचं असेल तर ये. नमस्कार फाटकाच्या बाहेरच कर, तिथे तो उत्तर देतो.

तुझीच, या वेळी चुकलेली,
विजयश्रीताई

सुपूर्द केले, २७ जून: ऑफिस आणि औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या, कुसुमताईंकडे. हेल्पलाइनचा मोबाइल, चार्जरसह, डॉक्टरांच्या मदतनिसाकडे. मागच्या आवाराच्या कुलपाची किल्ली आणि एक पगारी जागा, भैरू कड यांच्याकडे. अभिप्राय पत्रक, मूळ प्रत, या पाकिटात, नेहाकडे. झेरॉक्स काढलेली नाही.